व्हर्नियरची शेवटची रेघ

आबा, काल तुमचं थिओडोलाइट माळ्यावरून खाली काढलं. पेटी एका दमात उतरवता आली नाही. आधी स्टुलावर टेकवली, मग पोटाशी धरून खाली आणली. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मोजणीच्या जुन्या यंत्रांचं काचेचं कपाट होतंय आणि तिथल्या सरांना ते हवं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली, मी साठीला आले, आणि मुलीनं बापाला लिहावं तसं एक पत्रही मी तुम्हाला कधी लिहिलेलं नाही. जन्मभर एकाच घरात राहिलो, लिहायचं काय? बोलायचं कामही तुमच्याचकडे होतं. आज लिहायला बसले, कारण कपाटातल्या प्रत्येक यंत्राशेजारी एक कार्ड ठेवायचं आहे. यंत्र अस्सल आहे की नक्कल, ते त्यावर मी लिहून द्यायचं आहे. बाकी अकरा कार्डं लिहून झाली. तुमच्या यंत्राचं तेवढं सकाळपासून कोरं पडलंय.

दुकान अजून उद्यमनगरात तिथंच आहे, दोन्ही बाजूंच्या लेथच्या घरघरीत. पुढे दुकान, मागे घर. माझ्या लहानपणी पाटबंधाऱ्याचे ओव्हरसियर, रस्त्याचे कंत्राटदार, कॉलेजांतल्या लॅबचे शिपाई, सगळे बिघडलेले कंपास आणि कोन मोजायचे थिओडोलाइट घेऊन तुमच्याकडे यायचे. यंत्राच्या दुर्बिणीत जी उभी-आडवी बारीक फुली दिसते, ती तुम्ही कोळ्याच्या धाग्याची घालायचात. त्यासाठी स्वयंपाकघरातली जाळी झाडायची आईला बंदी होती. नात्यातल्या बायका यायच्या, वर बघायच्या, मग आईकडे बघायच्या. एका दसऱ्याला आईनं न राहवून एक कोपरा झाडला. तुम्ही ओरडला नाहीत. तिला स्टुलावर चढवलंत, उरलेल्या तीन कोपऱ्यांतले कोळी मोजायला लावलेत, आणि खाली वही-पेन्सिल घेऊन उभे राहिलात. "किती?" "चार." "चार," तुम्ही मोठ्यानं परत म्हणालात आणि लिहिलंत. आई पदरानं तोंड पुसत पुढच्या कोपऱ्याकडे वळली. मी चुलीपाशी बसून बघतेय. भाकरी करपल्याचा वास येतोय आणि ती उलटायला कुणी नाही.

ती मोजणीवाल्यांची रीत. एकानं यंत्राला डोळा लावून वाचायचं, दुसऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणून वहीत उतरवायचं. लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याच्या वाचनात बोट घालायचं नाही. "वाचणारा चुकला तर मोजणी बुडंल," तुम्ही म्हणायचात, "पर लिहिणाऱ्यानं शंका घेतली तर माणूसच बुडतंय." ही रीत तुम्ही कोळ्यांच्या बाबतीतसुद्धा पाळलीत. माणसांच्या वाट्याला ती कधी आली नाही. आईनं दूध तापवलं म्हटलं तरी तुम्ही पातेल्याला हात लावून बघायचात.

मग बॅटरीवर चालणारी यंत्रं आली, दुरुस्ती आटली, आणि दुकानात नवंच गिऱ्हाईक येऊ लागलं. बंगल्याच्या हॉलमध्ये ठेवायला जुनं पितळ हवं असणारी मंडळी. त्यांच्या मागोमाग नकली माल आला: आम्लात बुडवून काळं केलेलं, चिंच-मीठ लावून मातीत पुरलेलं, काल जन्मून दीडशे वर्षांचं झालेलं पितळ. एका साखर कारखान्याचे संचालक जहाजावरचं सेक्स्टंट घेऊन आले होते. तुम्ही ते हातात घेऊन म्हणालात, "आरसा गमनं चिकटवलाय. पंचगंगंत जहाज घालणार हाय काय पावणं? मग चालंल." लोक पारख करून घ्यायला येत की चारचौघांत बोलणी खायला, हे मला कधी कळलं नाही. पण येत होते. तुमचा शब्द शेवटचा होता. तुम्ही खोटं म्हटलेली वस्तू कोल्हापुरात पुन्हा कुणी हातात धरत नसे.

मला ही विद्या तुम्ही जेवणावर शिकवलीत. मी दहा-अकरा वर्षांची. ताटाशेजारी दोन यंत्रं ठेवायचात, एक खरं, एक खोटं. "आधी सांग, मग जेव." डुप्लिकेट माल लई बोलतो, हे मी तिथंच शिकले. नाव मोठं, साल मोठं, लंडन त्याहून मोठं. खऱ्यावर कारागिराचं नाव कोपऱ्यात, बारीक. खऱ्याची झीज जिथं माणसाचा हात पडतो तिथंच असते, खोट्याची सगळीकडे सारखी. खऱ्याची पेटी आतून त्या एकाच यंत्राच्या मापानं कोरलेली असते, खोट्याच्या पेटीत नुसतं मखमल. आणि सगळ्यात शेवटी व्हर्नियर. अंश दाखवणाऱ्या गोल चकतीला लागून एक छोटी पट्टी असते, ती व्हर्नियर. पट्टीची पहिली रेघ चकतीवरच्या कुठल्याही रेघेशी जुळवली, की पट्टीची शेवटची रेघसुद्धा चकतीवरच्या एका रेघेशी जुळलीच पाहिजे. नक्कल करणारा नुसत्या दिसायला रेघा मारतो. त्याची पहिली जुळते, शेवटापर्यंत पोचेतो केसभर चूक साठलेली असते. "बाकी समदं फसवता येतंय," तुम्ही म्हणायचात, "शेवटची रेघ तेवढी फसवत न्हाई." मी चुकले की ताटावर ताट पालथं पडायचं आणि संध्याकाळपर्यंत ते कुणी उचलायचं नाही. आई दाराआड गूळ-शेंगदाणे द्यायची. तुम्हाला तेही ठाऊक असावं, कारण एकदा तुम्ही मला तोंड उघडायला लावून बघितलं होतंत.

एवढं शिकून मी तेविसाव्या वर्षी फसले. आईबरोबर जोतिबाला गेले होते. पायऱ्यांच्या कडेला देवाचे टाक आणि पितळी घंटा विकणाऱ्या एका दुकानात गुलालानं माखलेला एक जुना कंपास दिसला. भिंग नव्हतं माझ्याजवळ, तरी खाली ठेववेना. शिकवणीच्या पैशातून घेतला, घरी येऊन रुमालात गुंडाळून तुमच्यापुढं ठेवला. तुम्हाला दिलेली माझी पहिली भेट. तुम्ही तो उजेडाकडे धरलात, एकदाच फिरवलात आणि खाली ठेवलात. खोटा होता. तुमचं बरोबर होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टाकून दिला असतात तरी चाललं असतं. तुम्ही दुकानाच्या दर्शनी भिंतीवर खिळा ठोकलात, कंपास टांगलात, आणि खाली पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलंत, 'माझ्या मुलीची खरेदी'. सात वर्षं तो तिथं होता. येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तो काढून दाखवायचात, खोटं कसं असतं ते समजावायचात, आणि मी मागं बसून स्क्रू धुवायची.

कोडोलीहून मला बघायला माणसं आली, तेव्हाही तो खाली उतरला. मुलगा ओव्हरसियर होता, म्हणून तुम्हाला वाटलं असेल त्याला रस वाटेल. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि तुम्ही पुठ्ठा वाचून दाखवताय. "पोरगी कामाला वाघ हाय. पारख तेवढी न्हाई." मुलाचे वडील मोठ्यानं हसले. "मग आमचं पोरगं हिला पसंत पडलं तर ते बी डुप्लिकेटच म्हणायचं की." सगळे हसले, मुलगा सर्वांत जास्त. आठवड्यानं नकार आला. मुलगा फार काही होता असं नाही, हसताना त्याची हिरडी दिसायची. पण नंतर आलेल्या दोन स्थळांनाही तुम्ही तेच दाखवलंत. दुसऱ्या वेळी मी बशा बाहेर नेल्या नाहीत, आईनं नेल्या. त्यानंतर मला बघायला कुणी आलं नाही, आणि मी दुकानातच राहिले.

मग तुमचे डोळे गेले. काचबिंदू. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणायचात, यंत्राला डोळा लावून "झकास" म्हणायचात. मला संशय होता. एके दिवशी मी भिंगाचं झाकण न काढताच ते तुमच्या हातात दिलं. तुम्ही एका कंपासावर ते धरलंत, वाकून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "झकास." मी भिंग परत घेतलं, पुसलं, डबीत ठेवलं. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, आबा. आईनं विचारलं, आज काय भूक गं?

चंदगडची बातमी त्याच पावसाळ्यात आली. कुण्या जुन्या मोजणीदाराच्या नातवाकडे काजूच्या पोत्यांमागे एक थिओडोलाइट पडलंय म्हणून. तुम्ही हट्टानं निघालात आणि रस्ता दिसत नसल्यानं मला बरोबर घेतलंत, कारण मात्र सांगितलंत छत्री धरायचं. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, पत्र्यावरच्या आवाजात बोललेलं कळत नव्हतं. तुम्ही यंत्र मांडीवर घेतलंत आणि विचारात पडल्यासारखे डोळे मिटलेत. अंगठा चकतीच्या कडेनं फिरवलात, प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा सोडून परत आवळलात, पेटीच्या लाकडाचा वास घेतलात, आतल्या खाचा एकेक करून बोटानं चाचपल्यात. पाव तास गेला असेल. मग म्हणालात, "अस्सल." येताना लाल गाडीत एकच जागा मिळाली. पेटी मांडीवर घेऊन तुम्ही बसलात, गडहिंग्लजपर्यंत मी उभी. गाडी खड्ड्यात गेली की तुम्ही पेटीवर वाकून तिला दोन्ही हातांनी आवळायचात. तुम्ही मला कधी कडेवर घेतल्याचं आईला आठवत नव्हतं. मी तिला मुद्दाम विचारून बघितलं होतं.

तुम्ही उद्यमनगरभर सांगून ठेवलंत आणि पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावणं धाडलंत. जुनी यंत्रं जमवणारे म्हणून त्यांचं नाव होतं. ते दोघांना घेऊन आले. शेजारच्या लेथवाले आले, दोन म्हातारे ओव्हरसियर आले, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात आणि बटणं एक घर चुकली होती. आईनं ती सर्वांदेखत नीट केली, तर तुम्ही तिचा हात झटकलात. पेटी, स्क्रू, झीज, सगळं तुम्ही बोलून दाखवलंत, आणि मग ती वेळ आली. चाळीस वर्षं ज्याच्यावर तुमचा निकाल ठरायचा, ते वाचन तुम्हाला करता येत नव्हतं. तुम्ही वही मांडीवर घेतलीत. "आज लिहायला मी," सगळ्यांना सांगितलंत. "पोरगी वाचंल."

तोवर तुम्ही मला त्या यंत्राला हात लावू दिला नव्हतात. मी भिंगाला डोळा लावला, पहिली रेघ जुळवली. "शून्य जुळलं." "शून्य जुळलं," तुम्ही म्हणालात. मग मी भिंग शेवटच्या रेघेवर नेलं. आबा, त्या दोन रेघा एकच रेघ होती. चांदीच्या पट्टीवर, सुईच्या टोकाइतक्या बारीक, मध्ये उजेडही जाणार नाही अशा. इतकं स्वच्छ जुळलेलं मी तोवर बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. तुम्ही आंधळेपणी, नुसत्या बोटांनी, पावसाच्या आवाजात ते ओळखलं होतंत. तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पारख होती ती, आणि ती खरी असल्याचं जगात एकट्या मला कळलं होतं. लोकांना वाटेल मला त्या क्षणी टांगलेला कंपास आठवला असेल, पालथं ताट आठवलं असेल. मला काही आठवलं नाही. फक्त हे माझ्या हातात आहे, एवढंच कळलं.

"शेवटची जुळत न्हाई, आबा."

तुम्ही लगेच परत म्हणाला नाहीत.  मग तुम्ही हळू म्हणालात, "शेवटची जुळत न्हाई," आणि लिहिलंत. अक्षरं रेघ सोडून खाली उतरत गेली. त्याखाली 'नक्कल' लिहून सही केलीत. प्राध्यापक पुढं वाकून म्हणाले, "मी जरा बघू का?" तुम्ही यंत्रावर हात आडवा धरलात. "कशाला? माझ्या पोरीनं वाचलंय. तिचं वाचन चुकत न्हाई." सत्तावीस वर्षं मी तुमच्या दुकानात काढली होती आणि हे वाक्य तुम्ही त्या दिवशी बोललात. कुणीतरी म्हणालं, "घ्या, आबांस्नी बी टोपी बसली की." सगळे हसले. जरा उशिरानं तुम्हीही हसलात, आणि हसताना चेहरा चुकीच्या बाजूला वळवलात, जिथं नुसती भिंत होती.

दुपारी तुम्ही जेवला नाहीत. आई चुलीपुढं बसून मला म्हणाली, "खरंच जुळत न्हवती व्हय गं?" मी म्हटलं, "खरंच." ती थोडा वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. आता जेवताना तरी गप बसतील." आणि तुम्ही खरोखरच गप्प बसलात. दुकानात पुन्हा आला नाहीत. कुणी वस्तू घेऊन आलं की आतून सांगायचात, "तिला दावा." जेमतेम दीड वर्ष काढलंत. तुम्हाला नेल्यावर दोन दिवसांनी आईनं हातात केरसुणी घेतली आणि स्वयंपाकघरातले चारही कोपरे झाडून काढले.

माझं मात्र त्या दिवसापासून नाव झालं. जिनं सख्ख्या बापाचं यंत्र चारचौघांत खोटं ठरवलं, ती आपल्याला काय भीड घालणार, असं लोक म्हणतात. सांगली-बेळगावहून माणसं येतात, पुण्याचे ते प्राध्यापक जिवंत होते तोवर फक्त माझ्याकडे पाठवायचे. माझ्या एका चिठ्ठीवर वस्तू ठरते. त्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या बुडाशी ते एक वाचन आहे. कॉलेजच्या सरांनाही तेच यंत्र म्हणून हवंय. परवा फोनवर म्हणाले, "मॅडम, ती तुमची फेमस नक्कल द्या की. पोरांना शिकवायला बरी. अस्सल एक शेजारी ठेवतो, फरक कळंल." मी हो म्हटलं.

आज सकाळी ते पुसलं, तिवईवर चढवलं, भिंग लावलं. अजून जुळतं. पट्टीचे स्क्रू ढिले करून ती जराशी सरकवावी, असंही मनात येऊन गेलं, पण त्यानं काही होत नाही, दोन्ही टोकं बरोबरच सरकतात. खऱ्याला बिघडवणं एवढं सोपं नाही. काचेमागं भिंग घेऊन कुणी जाणारही नाही म्हणा. इतकी वर्षं मी एका गोष्टीचा आधार घेऊन आहे. यंत्राला समोरासमोर दोन व्हर्नियर असतात आणि दोन्ही वाचायचे हा नियम तुमचाच. त्या दिवशी तुम्ही दुसरा वाचायला सांगितलं नाहीत. माझ्यावर विश्वास टाकलात, तोही नेमका तेव्हा. सांगितलं असतंत तर मी खरं वाचलं असतं, तुमची मान वर राहिली असती, आणि चूक सुधारली म्हणून मीही सुटले असते. आई गेल्यावर तिच्या दिवसांत भटजी मंत्र म्हणत होते तेव्हाही मी मनात हेच म्हणत होते, की तुम्ही विचारलं नाहीत.

कार्ड लिहून झालं. 'नक्कल' लिहिलंय, खाली माझी सही. उद्या सकाळी कॉलेजची गाडी येईल. हा कागद पेटीत तळाशी सरकवावा असं लिहायला बसताना वाटलं होतं, पण पेटी कधीतरी कुणीतरी उघडेल, म्हणून तो माझ्याकडेच राहील. आणि वर लिहिलेलं 'मी खरं वाचलं असतं' तेवढं एक खोडायचं राहिलं आहे. तुम्ही दुसरा वाच म्हणाला असतात, तर मी तोही जुळत नाही म्हणाले असते.